टक्का कुठून आला, कुठे गेला

निकालाच्या संध्याकाळी वाहिन्यांवर एक तक्ता हमखास येतो. डावीकडे मागच्या वेळची टक्केवारी, उजवीकडे या वेळची, मध्ये हिरवा किंवा लाल बाण. अमुक पक्ष तीन टक्क्यांनी वाढला, तमुक दोन टक्क्यांनी घटला. मग चर्चा सुरू होते की मतदाराचं मन का बदललं. ही चर्चा ऐकताना मला नेहमी वाटतं की आपण शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारतोय. मन बदललं की नाही हे बघण्याआधी निदान तीन गोष्टी वजा कराव्या लागतात: यंत्रावर कोणाकोणाची नावं होती, मतदानाला कोण आलं, आणि छोट्या पक्षांची व अपक्षांची मतं कुठे गेली. यातून जे उरतं ते मन बदलल्याचं. बहुतेक वेळा ते वाहिनीवरच्या बाणापेक्षा बरंच लहान असतं, आणि कधीकधी बाणाच्या उलट्या दिशेला असतं.

महाराष्ट्राच्या 2009 आणि 2014 च्या विधानसभा यासाठी उत्तम. मतदारसंघांची पुनर्रचना 2008 साली झाली, त्यामुळे 2004 आणि 2009 ची मतदारसंघवार तुलना करणं व्यर्थ, पण 2009 पासून पुढे 288 मतदारसंघांच्या सीमा त्याच आहेत. 2009 मध्ये शिवसेनेने 160 जागा लढवून 16.26 टक्के मतं मिळवली. 2014 मध्ये 19.35 टक्के. म्हणजे तीन टक्क्यांची वाढ. हिरवा बाण.

आता एक भागाकार करा. 25 सप्टेंबर 2014 या एकाच दिवशी शिवसेना-भाजपची युती तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही तुटली. सगळे स्वबळावर लढले. शिवसेनेने 160 ऐवजी 282 जागा लढवल्या. राज्यभरातल्या टक्केवारीला 288 ने गुणून लढवलेल्या जागांनी भागलं, की लढवलेल्या जागांवरची सरासरी टक्केवारी ढोबळमानाने मिळते. (सगळे मतदारसंघ सारख्या आकाराचे नसतात म्हणून ढोबळ. निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात हाच आकडा अचूक मोजून दिलेला असतो.) 2009 ला तो येतो 29 च्या आसपास, 2014 ला 20 च्या खाली. हिरवा बाण राज्याच्या पातळीवरचा. जिथे धनुष्यबाण यंत्रावर होता, तिथली सरासरी नऊ टक्क्यांनी उतरली होती. कारण उघड आहे: 2009 मध्ये त्या 160 जागांवर भाजपची मतंही धनुष्यबाणालाच पडत होती.

भाजपचं गणित आणखी गमतीचं. 2009 ला 119 जागा लढवून 14.02 टक्के, 2014 ला 260 जागा लढवून 27.81 टक्के. टक्केवारी जवळपास दुप्पट झाली, तशा लढवलेल्या जागाही दुपटीहून जास्त झाल्या. लढवलेल्या जागांवरची सरासरी 34 वरून 31 वर आली. मग 2014 ची लाट खोटी होती का? मुळीच नाही. भाजपची खरी झेप या सरासरीच्या मागे लपलेली आहे. ज्या एकशेचाळीस-एक जागांवर पक्ष पुनर्रचनेनंतर कधी लढलाच नव्हता, जिथे कमळाचं बटण विधानसभेला लोकांनी पाहिलं नव्हतं, तिथेही तो उतरला, शिवसेनेची साथ नसताना उतरला, आणि तरी सरासरी जेमतेम तीन टक्क्यांनी घसरली. हे अवघड काम होतं. पण “14 वरून 28” हे त्या कामाचं माप नव्हे.

तीच निवडणूक दुसऱ्या बाजूने बघू. काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांची 2009 ची बेरीज 37.38 टक्के (21.01 आणि 16.37). 2014 ची 35.19 (17.95 आणि 17.24). फक्त सव्वादोन टक्क्यांची घट, आणि जागा मात्र 144 वरून 83. दुसरीकडे भाजप आणि शिवसेनेची बेरीज 30.28 वरून 47.16 वर गेली. जवळपास 17 टक्क्यांची वाढ. काँग्रेस-राष्ट्रवादीचे सव्वादोन गेले, मनसे 5.71 वरून 3.15 वर आली म्हणजे अडीच गेले. पावणेपाच झाले. उरलेले बारा कुठून आले?

हे पाच पक्ष सोडून बाकी सगळ्यांची, म्हणजे अपक्ष, बंडखोर आणि लहान पक्षांची बेरीज 2009 ला साडेसव्वीस टक्क्यांच्या घरात होती. 2014 ला ती साडेचौदा झाली. निवडून आलेले अपक्ष 24 वरून 7 वर आले. म्हणजे कागदावर तरी लाटेचं बरंचसं पाणी अपक्षांच्या विहिरीतून आलेलं दिसतं. युती-आघाडी असते तेव्हा प्रत्येक मतदारसंघात निदान दोन तगडे इच्छुक तिकिटाविना राहतात. त्यातला एखादा “कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव” अर्ज भरतो आणि वीस-पंचवीस हजार मतं घेतो. चारही पक्ष वेगळे लढले की त्या बंडखोराला कुठलं ना कुठलं अधिकृत चिन्ह मिळतं. माणूस तोच, त्याची गावकी-भावकी तीच, मतं पुष्कळशी तीच. आयोगाच्या तक्त्यात मात्र ती “अपक्ष” या रकान्यातून पक्षाच्या रकान्यात जातात.

इथे एक सावधगिरी हवी. हा निव्वळ वाढ-घटीचा हिशेब आहे, प्रवाहाचा नाही. काँग्रेस 170 ऐवजी 287 जागा लढली, म्हणजे तिच्याकडेही बंडखोरांची मतं परत आली असणार. तरी तिची टक्केवारी खाली आली, याचा अर्थ तिची हक्काची मतं सव्वादोन टक्क्यांपेक्षा बरीच जास्त गेली आणि ती गळती आलेल्या मतांनी झाकली. स्थिर दिसणारा आकडा हा अनेकदा दोन मोठ्या उलट्या प्रवाहांची वजाबाकी असतो. म्हणून बाण जिथे छोटा आहे तिथेही थांबून बघावं.

एवढं झाल्यावर 27.81 आणि 26.77 या दोन आकड्यांचं कोडं राहत नाही. भाजपला 2014 मध्ये 27.81 टक्क्यांत 122 जागा मिळाल्या आणि 2024 मध्ये त्याहून कमी, 26.77 टक्क्यांत 132. दुसऱ्या वेळी पक्ष 149 जागांवरच लढला. लढवलेल्या जागांवरची सरासरी पन्नास टक्क्यांच्या वर गेली. त्यात स्वतःचं किती आणि मित्रपक्षांनी वळवलेलं किती, हे राज्याच्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी खाली बूथपर्यंत उतरावं लागतं.

त्याआधी दुसरी वजाबाकी, मतदानाला आलेल्यांची. 2024 च्या लोकसभेत महाविकास आघाडी आणि महायुती यांच्यात अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता, दोघंही 43-44 टक्क्यांच्या मध्ये. जागा मात्र 30 विरुद्ध 17. साडेपाच महिन्यांनी विधानसभेत महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांची बेरीज 48 टक्के आणि आघाडीच्या तिघांची 33.7 टक्के. दहा टक्के लोक आघाडी सोडून गेले, असं त्या रात्री सगळे म्हणत होते.

टक्के बाजूला ठेवून मतं मोजू. लोकसभेला राज्यात सुमारे 5 कोटी 70 लाख मतं पडली, विधानसभेला सुमारे 6 कोटी 40 लाख. मतदान 61 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेलं आणि मतदार यादीही सुमारे 9 कोटी 30 लाखांवरून 9 कोटी 70 लाखांवर गेली. (यादीच्या या वाढीवर विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले, आयोगाने ते फेटाळले. तो वाद वेगळा, पण छेद बदलला हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.) आता हिशेब असा बसतो: महायुतीची मतं साधारण 60 लाखांनी वाढली. आघाडीची साधारण 33 लाखांनी कमी झाली. आणि बाकीच्यांची, म्हणजे बंडखोर, अपक्ष, वंचित, मनसे, एमआयएम आणि इतरांची, चव्वेचाळीस लाखांच्या आसपास वाढली. जास्तीची 70 लाख मतं आणि आघाडीने गमावलेली 33 लाख मिळून एक कोटीच्या थोडी वर, ती महायुती आणि इतरांत वाटली गेली.

हे समीकरण अनेक प्रकारे सुटतं. सगळे नवे मतदार महायुतीकडे गेले आणि आघाडीचे जुने बंडखोरांकडे गेले, असंही बसतं. आघाडीचे थेट महायुतीकडे गेले आणि नव्यांनी अपक्षांना मतं दिली, असंही बसतं. आघाडीचा मतदार घरी बसला आणि त्याहून मोठा नवा लोंढा आला, हेही शक्य. राज्याच्या बेरजा या तिघांत निवड करू देत नाहीत. ज्याला ठाम उत्तर सापडलंय त्याने बहुधा ते आधीच ठरवलेलं असतं.

लाडकी बहीण योजनेचंच घ्या. जून 2024 च्या अर्थसंकल्पात घोषणा, महिना 1500 रुपये, आचारसंहितेआधी नोव्हेंबरपर्यंतचे पाच हप्ते म्हणजे 7500 रुपये खात्यात. “बायकांनी रांगा लावल्या आणि निकाल फिरला” हे वाक्य इतकं पक्कं झालं की कोणी भागाकार करत नाही. 2019 च्या विधानसभेच्या तुलनेत स्त्रियांचं मतदान साधारण 59 टक्क्यांवरून 65 वर गेलं. सहा टक्के. पुरुषांचंही जवळपास 63 वरून 67 वर गेलं. चार टक्के. स्त्रियांची जादा वाढ म्हणायची तर दोन टक्के, आणि राज्यात स्त्री मतदार 4 कोटी 70 लाखांच्या आसपास. म्हणजे नऊ-दहा लाख मतं. ती सगळी एकाच बाजूला गेली असं धरलं तरी दोन बाजूंमधलं अंतर 90 लाखांच्या वर होतं. तेव्हा योजनेचा परिणाम झाला असेल, आणि झाला असावा असं मला वाटतं, तर तो आधीपासून मतदान करणाऱ्या बायकांच्या निवडीवर झाला. रांगेच्या लांबीने तो सिद्ध होत नाही. रांगेचा फोटो काढता येतो, निवडीचा येत नाही, म्हणून रांग प्रसिद्ध झाली.

सोयाबीनचंही तसंच. लोकसभेला मराठवाडा-विदर्भात सत्ताधाऱ्यांना शेतीमालाच्या भावाने मारलं, नाशिक-दिंडोरीत कांद्याच्या निर्यातबंदीने, हे सगळ्यांना मान्य. पण त्या वर्षीचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये असताना नोव्हेंबरमध्येही बाजारात भाव त्याच्या खालीच होता. राग जर फक्त भावाचा असता, तर तो मेमध्ये मतात उतरून नोव्हेंबरमध्ये का विरला? मधल्या काळात भाव बदलला नव्हता. निवडणूक बदलली होती.

“निवडणूक बदलली” म्हणजे काय, ते बारामतीत लख्ख दिसतं. लोकसभेला बारामती विधानसभा क्षेत्रात सुप्रिया सुळे यांना 47-48 हजारांचं मताधिक्य. त्याच क्षेत्रात विधानसभेला अजित पवार एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. “लोकसभेला ताई, विधानसभेला दादा” हे तिथे आधीच बोललं जात होतं. त्या हजारो लोकांचं मत साडेपाच महिन्यांत बदललं असं म्हणणं चूक आहे. त्यांचं मत दोन्ही वेळा तेच होतं: दोघंही हवेत. प्रश्न दोनदा वेगळा विचारला गेला.

मालेगाव मध्यचं उदाहरण याहून टोकाचं. धुळे लोकसभेत भाजपचा उमेदवार सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होता. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसला दोन लाखांच्या घरातलं लीड दिलं आणि काँग्रेस 3831 मतांनी जिंकली. नोव्हेंबरमध्ये त्याच मालेगाव मध्यमध्ये काँग्रेस लढतीतच नव्हती. दोन स्थानिक नेत्यांत सामना झाला आणि एमआयएमचा उमेदवार 162 मतांनी निवडून आला. राज्याच्या तक्त्यात ही मतं “काँग्रेसची घसरण” म्हणून मोजली जातात. पण लोकसभेला तिथला मतदार भाजपविरोधात मत देत होता. विधानसभेला भाजप समोरच नव्हता, मग तो आपल्या गल्लीचं राजकारण करायला मोकळा झाला.

तिसरी वजाबाकी मतं “खाण्याची”. हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. 2019 च्या लोकसभेत नांदेडला अशोक चव्हाण 40,148 मतांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला 1,66,196 मतं होती. सोलापूरला सुशीलकुमार शिंदे 1,58,608 मतांनी पडले आणि प्रकाश आंबेडकरांना 1,70,007 मतं होती. दोन्हीकडे तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त, म्हणून दोन्ही जागा “वंचितने पाडल्या” अशा एकाच यादीत बसतात. पण वंचित रिंगणात नसता तर काय झालं असतं हे खरोखर मोजायचं तर विचारावं लागतं की त्या मतांपैकी किती काँग्रेसकडे जायला हवी होती. बाकीचे घरी बसले असं धरलं तर नांदेडमध्ये 25 टक्के पुरली असती. बाकीचे सगळे भाजपकडे गेले असं धरलं तर 62 टक्क्यांच्या आसपास लागली असती. दोन्ही शक्यतेच्या कक्षेत आहेत. सोलापुरात मात्र बाकीचे घरी बसले तरी 93 टक्क्यांहून जास्त मतं काँग्रेसला मिळायला हवी होती. असं हस्तांतरण कुठेच होत नाही, सख्ख्या मित्रपक्षांतही होत नाही. नांदेडबद्दल वाद घालता येईल. सोलापूर त्या यादीतून काढायला हवं.

याच वजाबाकीत 2024 च्या लोकसभेतला तुतारीचा किस्साही येतो. शरद पवार गटाचं चिन्ह “तुतारी फुंकणारा माणूस”, आणि अपक्षांना मिळणाऱ्या मुक्त चिन्हांत नुसती “तुतारी”. साताऱ्यात पक्षाचा उमेदवार 32,771 मतांनी पडला, आणि तुतारीवाल्या अपक्षाला 37,062 मतं पडली. दिंडोरीत पक्ष जिंकला, पण तिथल्या तुतारीवाल्या अपक्षाने एक लाखाच्या वर मतं घेतली, आडनावही उमेदवाराचंच. या लाखभर मतांचा महागाईशी, आरक्षणाशी, पक्षफुटीशी काही संबंध जोडता येतो का? तरी “इतर” या रकान्यात ती बसली आहेत, आणि उद्या कोणी “प्रस्थापितांना कंटाळलेल्या मतदारांचा तिसऱ्या पर्यायाकडे कल” असं लिहिलं तर पुराव्यात ती वापरली जातील.

आता बूथ. ज्याला हे आपल्या तालुक्यापुरतं करून बघायचंय त्याच्यासाठी साहित्य फुकट आहे. नमुना 20 हा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा अंतिम निकालपत्रक असतो, त्यात मतदान केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं असतात. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. बहुधा स्कॅन केलेली, वाकडी, कधी शिक्का नेमका आकड्यावर मारलेली पीडीएफ. टंकताना प्रत्येक ओळीची बेरीज शेवटच्या रकान्याशी ताडून बघा, तीनाचा आठ आणि एकाचा सात हमखास होतो. टपाली मतं वेगळ्या ओळीत असतात, ती कुठल्याच गावाची नसतात, बाजूला ठेवा.

खरा घोळ केंद्रांच्या क्रमांकांचा. दोन निवडणुकांमध्ये केंद्र क्रमांक 143 हे तेच राहील याची खात्री नाही. मतदार वाढले की एका केंद्राची दोन होतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. क्रमांक जुळवून तुलना केली की एका गावची मतं दुसऱ्या गावाच्या नावावर पडतात आणि फार रोमांचक निष्कर्ष निघतात. शाळेच्या नावावरून जुळवा, आणि तेही डळमळीत वाटलं तर सगळी केंद्रं गावपातळीला एकत्र करा. शहरात वॉर्डाच्या पातळीला. बारकाई थोडी जाते, पण चूक कमी होते.

मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक जण करत नाहीत: टक्केवारी पडलेल्या मतांवर काढू नका, यादीतल्या एकूण मतदारांवर काढा. “आले नाहीत” हा एक पक्ष माना. एका गावात 1000 मतदार, मागच्या वेळी 600 आले, 300 तुमच्या पक्षाला. या वेळी 750 आले, 320 तुमच्या पक्षाला. नेहमीच्या पद्धतीने 50 वरून 43 टक्के, कार्यकर्ते माना खाली घालून बसतात. एकूण मतदारांवर काढलं तर 30 वरून 32. तुमचं निव्वळ काही गेलेलं नाही, समोरच्याने नवी माणसं आणली. पहिल्या निदानावर उपाय म्हणजे धोरण बदला, भूमिका बदला. दुसऱ्या निदानावर उपाय म्हणजे गाड्या, स्लिपा, आणि मुंबई-पुण्याला गेलेल्या पोरांचे फोन नंबर. चुकीचं निदान पाच वर्षं महागात पडतं.

बूथच्या आकड्यांचीही मर्यादा आहे. ज्या गावांत अमुक जातीची वस्ती जास्त तिथे अमुक पक्ष वाढला, यावरून त्या जातीने त्या पक्षाला मत दिलं असं सिद्ध होत नाही. उलटही असतं: वस्ती मोठी असली की तिथली बाकीची माणसं एकवटतात आणि आकडा त्यांच्यामुळे फिरतो. 2024 च्या विधानसभेत मराठवाड्यात असंच प्रतिध्रुवीकरण झालं असं अनेक जण सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे, पण ते गावच्या बेरजेतून दाखवता येत नाही. त्यासाठी माणसांना विचारावं लागतं. विचारलं की दुसरी अडचण येते: निकालानंतर “मागच्या वेळी कोणाला दिलं होतं?” असं विचारलं की विजेत्याला मत दिल्याचं सांगणारे त्याला प्रत्यक्षात पडलेल्या मतांपेक्षा जास्त निघतात. त्या आठवणीवर बेतलेला “कोण कुठून कुठे गेला” असा तक्ता गळती चुकीच्या जागी दाखवतो. त्याच माणसांना दोन निवडणुकांत दोनदा भेटणं हाच खात्रीचा मार्ग, आणि तो महागडा आहे. स्थलांतर, बदललेले नंबर, कंटाळा, यात निम्मे नमुने सहज हातातून जातात.

महापालिकांच्या बाबतीत तर छेदच सापडत नाही. 2017 मध्ये मुंबईत एका प्रभागात एक नगरसेवक होता, तिथे टक्केवारीला अर्थ होता. पुणे, नाशिक, नागपुरात एका प्रभागात चार. एक मतदार अ, ब, क, ड अशी चार मतं देतो, तीन एका पॅनेलला आणि चौथं शेजारच्या ओळखीच्या माणसाला. एखादा पक्ष चारपैकी दोनच जागा लढवतो. आता त्या पक्षाची टक्केवारी पडलेल्या मतांवर काढायची, आलेल्या माणसांवर काढायची की लढवलेल्या जागांवर? तीन पद्धतींनी तीन आकडे येतात, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्ष आपल्याला सोयीचा आकडा घेऊन पत्रकार परिषदेला बसतो. तिथे पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: भागलं कशाने?